एका पट्टीखाली साठ चेलो

रात्री अकराच्या सुमाराला, सीएसएमटीवरून कोकणकन्या सुटते त्या वेळी, मी डाउनलोडचं बटण दाबलं. १८० जीबी! माझं इंटरनेट सेकंदाला ५ एमबी ओढतं. म्हणजे ३६,००० सेकंद. म्हणजे बरोबर दहा तास. सकाळी नऊला शेवटचा तुकडा उतरला तेव्हा कोकणकन्या मडगावला पोचायची होती, आणि माझ्या टेबलावर, तळहाताएवढ्या डिस्कमध्ये, लंडनचे ३४४ वादक येऊन बसले होते.

हो, ३४४! ‘हान्स झिमर स्ट्रिंग्ज’ हे या संग्रहाचं नाव. ‘द लायन किंग’ आणि ‘इंटरस्टेलर’चे संगीतकार हान्स झिमर, स्पिटफायर ऑडिओ ही ब्रिटिश कंपनी, साल २०१८. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास यांचा एकेक सूर सुटा रेकॉर्ड करायचा, तो कीबोर्डच्या एकेका पट्टीला बांधायचा आणि संगीतकाराच्या हाती द्यायचा. याला म्हणतात सँपल लायब्ररी.

आता हे ३४४ जण गाडीत बसवून बघू. स्लीपरच्या जुन्या डब्यात ७२ बर्थ. चार डबे गच्च, २८८. पाचव्यात ५६. मग वाद्यांचं काय? त्यात २४ डबल बास आहेत, प्रत्येक जवळजवळ माणसाएवढा! सहावा डबा जोडावाच लागणार. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात १६ पहिली व्हायोलिनं, १४ दुसरी, १२ व्हिओला, १० चेलो आणि ८ बास असतात. बेरीज ६०. इथे नुसते चेलोच ६०!

सगळे एकदम वाजवायला बसले नव्हते, एकेक ताफा वेगळा बसला. जागा कुठली? उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा लिंडहर्स्ट हॉल. एकेकाळचं हे प्रार्थनामंदिर, एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी बांधलेलं. १९९२ पासून तिथे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी उभारलेला एअर स्टुडिओ आहे.

त्या हॉलमधला नुसता गज घ्या. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणलेले असतात, एका गजाला कमीत कमी दीडशे. लांबी सरासरी ६५ सेंटिमीटर धरू. ३४४ गज, ५१,६०० केस. एकापुढे एक मांडले तर साडेतेहतीस किलोमीटर! १८५३ साली हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तो रस्ता ३४ किलोमीटरचा. म्हणजे केसांचा हा दोर बोरीबंदरला बांधला की त्याचं दुसरं टोक ठाण्याच्या फलाटाला टेकायला आलं!

पैशाचं बघू. एका वादकाचे तासाला नुसते पाच हजार रुपये धरा. ६० चेलो, तासाला तीन लाख. आता बारा सेकंदांचा एक लांबलचक सूर वाजवायला सांगा. हजार रुपये झाले! एका सुराचे! आणि एका सुराने काय होतंय? तो हळू हवा, मध्यम हवा, जोरात हवा. लांब गजाने, तोकड्या गजाने, बोटाने छेडून. शिवाय तोच सूर तसाच तीन-चारदा, कारण माणूस दोनदा तंतोतंत सारखं वाजवत नाही आणि कानाला ते लगेच कळतं. समजा ४० सूर, ४ पातळ्या, १० तऱ्हा, ४ वेळा. झाली ६,४०० रेकॉर्डिंगं. जवळचे, वर टांगलेले, दूरचे असे पाचच माइक धरा. ३२,०००! एकाच ताफ्याची!

मडगावचं नाव उगाच आलं नाही. आपल्या हिंदी गाण्यांतली व्हायोलिनं वाजवणारे कितीतरी हात गोव्याचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं विसरता येत नाहीत. त्यांच्या काळी सगळा ताफा गायकासोबत एकाच टेकमध्ये वाजवायचा. एकाचा गज चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या हातांची जागा कुठलीही डिस्क घेणार नाही, असं मला मनापासून वाटतं. पण या डिस्कमध्येही खरेच हात आहेत, खराच घाम आहे, म्हणून तर ती एवढी भिडते.

सँपलिंगच्या या वाटेची सुरुवात किती लहान होती बघा. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन नावाचा कीबोर्ड निघाला. पट्ट्यांचे दोन संच, एकेका संचात ३५ पट्ट्या, प्रत्येकीखाली टेपची एक फीत, एक सूर चालणार आठ सेकंद. एका संचातल्या एका आवाजाचे सगळे सूर मिळून २८० सेकंद, पाच मिनिटंही नाहीत! मग १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हा संगणकी सिंथेसायझर आला. आठ आवाज, प्रत्येकाला १६ केबी, एकूण १२८ केबी. ती जागा म्हणजे एक लिटरचा तांब्या समजा. त्या मापाने माझ्या टेबलावरची ही लायब्ररी म्हणजे १० मीटर व्यासाची, साडेसतरा मीटर खोल विहीर, काठोकाठ भरलेली!

विहिरीत आहे काय? आकडे. नुसते आकडे. स्टुडिओत आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजतात. दर मापाला १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पायऱ्या. पावणेदोन कोटींच्या घराची किंमत एका रुपयापर्यंत अचूक सांगावी, तसं! आणि हे सेकंदात ४८,००० वेळा! डाव्या कानाचं वेगळं, उजव्या कानाचं वेगळं.

एका मापाला तीन बाइट. १८० जीबीला तीनने भागा. सहा हजार कोटी आकडे! सलग ऐकायचं म्हटलं तर ६,२५,००० सेकंद. डेक्कन क्वीनमध्ये बसा, मुंबई-पुणे, पुणे-मुंबई, पन्नासहून जास्त एकेरी फेऱ्या करा, तरी थोडं उरेलच. आणि डिस्कवर आवाज दाबून ठेवला असेल तर याहूनही जास्त! वहीत उतरवायचं म्हणता? पानावर ५०० आकडे, दोनशे पानी वही, सहा लाख वह्या. वही एक सेंटिमीटर जाड. थप्पी सहा किलोमीटर! साडेतीन कळसूबाई एकावर एक रचा, तरी थप्पी वर डोकावेल.

आणि लिहिणार कोण? एक कारकून बसवा. सेकंदाला एक आकडा. झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. १,९०० वर्षं! सातवाहनांच्या राज्यात ज्याने पहिला आकडा लिहिला, तो आज कुठे शेवटच्या वहीचं शेवटचं पान उलटत असेल!

एवढं सगळं मनात घोळत असताना मी हेडफोन चढवला आणि डावीकडची एक पांढरी पट्टी हलकेच दाबली. साठ चेलो. इतके हळू, की सुराआधी गज तारेला टेकल्याची सळसळ ऐकू आली. अंगावर काटा आला. बोट उचललं. सूर थांबला, पण हॉल थांबला नाही. वॉटरहाउसच्या त्या भिंतींवरून तो दोनेक सेकंद फिरत राहिला, विरत विरत गेला. त्या विरण्याचेही आकडे आहेत, १,९२,०००. कारकुनाचे दोन दिवस, पाच तास, वीस मिनिटं.

मी पुढची पट्टी दाबली.