सुहैली (शिडनौका)

सुहैली ही मुंबईत बांधलेली, सुमारे ३२ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची सागवानी शिडनौका आहे. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये या नौकेतून एकट्याने आणि कोणत्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले दर्यावर्दी ठरले. ही नौका शर्यतीसाठी बांधलेली नव्हती. मालकाने स्वतः चालवावी, तिच्यातच राहावे आणि दूरचा प्रवास करावा, अशा बेताने ती तयार झाली होती. अशा नौकांना ‘क्रूझिंग’ म्हणजे भ्रमंतीच्या नौका म्हणतात. छोट्या भ्रमंती नौकेची रचना, तिची मालकी आणि तिची देखभाल यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी सुहैलीचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

नाव

अरबी समुद्र आणि इराणचे आखात या भागांतील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ‘सुहैली’ म्हणतात. नौकेचे नाव त्यावरून ठेवले आहे. ‘सुहैल’ हे दक्षिण आकाशातील एका ठळक ताऱ्याचे अरबी नाव असून भारतात तोच तारा अगस्त्य या नावाने ओळखला जातो.

आराखडा आणि बांधणी

नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या प्रवासी जहाजांवर अधिकारी होते. मुंबई आणि इराणचे आखात यांदरम्यानच्या फेऱ्यांमुळे त्यांचा मुंबईशी नित्याचा संबंध असे. नोकरीतील सहकाऱ्यांसह एक नौका बांधून घ्यावी आणि तिच्यातून इंग्लंडला परतावे, असा बेत त्यांनी आखला. त्यासाठी इंग्लंडमधून आराखडे मागवण्यात आले. प्रत्यक्षात हाती आलेले आराखडे त्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या आणि जुन्या धाटणीच्या नौकेचे निघाले. ते बदलून घेण्यात वेळ घालवण्याऐवजी त्याच आराखड्यांवर काम सुरू झाले.

हा आराखडा अमेरिकन नौकारचनाकार विल्यम ॲटकिन यांनी १९२० च्या दशकात केलेला होता आणि तो ‘एरिक’ या नावाने प्रसिद्ध होता. त्याचे मूळ नॉर्वेचे नौकारचनाकार कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांमध्ये होते. उत्तर समुद्रातील वादळात सापडलेल्या मासेमारांच्या मदतीला जाण्यासाठी आर्चर यांनी या नौका योजल्या होत्या. त्यामुळे वेगापेक्षा मजबुती आणि स्थैर्य यांनाच त्यांत प्राधान्य होते.

नौकेचे काम मुंबईत कुलाबा येथील कारखान्यात झाले. सांगाडा आणि फळ्या यांसाठी सागवान वापरले गेले. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेलाचा अंश असतो, त्यामुळे ते पाण्यात सहजासहजी कुजत नाही. स्थानिक सुतारांनी बरेचसे काम वाकस आणि दोरीने फिरणारा सामता यांसारख्या पारंपरिक हत्यारांनी केले. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या गलबते बांधणाऱ्या कारागिरांना ही हत्यारे परिचित होती. १९६४ च्या अखेरीस नौका पाण्यात उतरवण्यात आली.

रचनेची वैशिष्ट्ये

डेकवर मोजता सुहैलीची लांबी सुमारे ९.९ मीटर, रुंदी सुमारे ३.४ मीटर आणि पाण्याखालील खोली सुमारे १.७ मीटर आहे. वजन जवळपास १० टन आहे. या लांबीच्या आजच्या अनेक नौकांचे वजन याच्या निम्म्याच्या आसपास असते. यावरून तिचा भरभक्कमपणा लक्षात येतो.

तिच्या तळाशी नौकेच्या जवळजवळ संपूर्ण लांबीइतका कणा (कील) आहे. लांब कण्यामुळे नौका चटकन वळत नाही, पण एकदा दिशा धरली की ती सहसा सोडतही नाही. एकट्या माणसाला झोपावे लागते, स्वयंपाक करावा लागतो, फाटलेले शीड शिवावे लागते. अशा वेळी सुकाणूवर कोणी नसताना नौकेने सरळ जात राहणे महत्त्वाचे असते.

नौकेची पुढची आणि मागची अशी दोन्ही टोके निमुळती आहेत. मागून येणारी मोठी लाट सपाट पाठीवर आदळते, तर निमुळत्या टोकावर ती दुभंगते आणि तिचा जोर काही अंशी कमी होतो.

शिडांची मांडणी ‘केच’ प्रकारची आहे. पुढे उंच मुख्य डोलकाठी आणि मागे, सुकाणूच्या जरा पुढे, तुलनेने आखूड डोलकाठी असते. एकाच प्रचंड शिडाऐवजी कापड लहान लहान शिडांत विभागले गेल्यामुळे एका माणसाला ती चढवणे आणि उतरवणे शक्य होते. पुढची आणि मागची शिडे कमी-अधिक ताणून नौकेचा तोलही साधता येतो.

या गुणांची किंमत वेगात मोजावी लागते. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा कमाल वेग मुख्यतः पाण्याच्या रेषेवरील तिच्या लांबीवर अवलंबून असतो. नौका जितकी लांब, तितकी ही मर्यादा वर जाते. सुहैलीच्या बाबतीत ही मर्यादा ताशी सुमारे ७ सागरी मैलांच्या आसपास येते आणि प्रत्यक्ष प्रवासातील सरासरी त्याहून बरीच कमी राहते.

मुंबई ते लंडन

डिसेंबर १९६५ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन, त्यांचे बंधू आणि एक मित्र असे तिघे सुहैली घेऊन मुंबईहून निघाले. मस्कतमार्गे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथे जवळचे पैसे संपल्यामुळे त्यांना काही महिने मुक्काम करून काम करावे लागले. छोट्या नौकेच्या मालकांच्या वाट्याला हा अनुभव नेहमीच येतो. नौका बांधण्याचा वा विकत घेण्याचा खर्च एकदाच होतो. दोर, शिडे, रंग, दुरुस्ती आणि शिधा यांचा खर्च मात्र अखंड चालू राहतो. डिसेंबर १९६६ मध्ये केप टाउनहून निघून त्यांनी लंडनपर्यंतचे अंतर कोठेही न थांबता ७४ दिवसांत कापले. नौका आणि तिचा मालक दोघेही लांब पल्ल्याला टिकतात, हे या प्रवासात सिद्ध झाले.

गोल्डन ग्लोब शर्यत

१९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राने एकट्याने आणि विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. सर्वप्रथम परतणाऱ्यास ‘गोल्डन ग्लोब’ हे सन्मानचिन्ह आणि सर्वांत कमी दिवसांत प्रदक्षिणा करणाऱ्यास ५,००० पौंड, अशी बक्षिसे होती. नॉक्स-जॉन्स्टन यांना या प्रवासासाठी मोठी, पोलादी नौका बांधून घ्यायची होती, पण त्यासाठी लागणारे भांडवल उभे राहिले नाही. अखेर जवळ होती तीच सुहैली घेऊन जाण्याचे त्यांनी ठरवले. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फालमथ बंदरातून निघाले.

पहिली गंभीर अडचण अटलांटिक महासागरातच आली. नौकेत शिरणारे पाणी वाढू लागले आणि पंप वारंवार चालवावा लागू लागला. वारा पडलेला असताना नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुडी मारून पाहणी केली. तेव्हा कण्यालगतच्या फळीची फट दोन्ही बाजूंनी बरीच लांब उघडलेली दिसली. कोरड्या गोदीत फटीत सूत ठासणे हे नेहमीचे काम आहे. श्वास रोखून पाण्याखाली ते करणे अशक्यप्राय ठरले. तेव्हा त्यांनी कापसाचे सूत कॅन्व्हासच्या लांब पट्टीवर शिवले, त्यावर डांबर लावले आणि ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी फटीवर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा बसवला. काम चालू असताना आसपास घिरट्या घालणारा एक शार्क त्यांना बंदुकीने मारावा लागला. ही दुरुस्ती पुढे टिकली.

दक्षिण महासागरात शिरल्यावर एका वादळी लाटेने नौका आडवी केली. केबिनचे छत मूळ जागेवरून सरकले आणि त्याच्या सांध्यांत भेगा पडल्या. टाक्यांतील पिण्याचे पाणी खराब झाल्याने त्यांना पावसाचे पाणी साठवावे लागले. दूरसंदेश यंत्रणाही बंद पडली. वाऱ्याच्या साहाय्याने सुकाणू सांभाळणारे स्वयंचलित साधन ऑस्ट्रेलियाच्या परिसरात कायमचे निकामी झाले. त्यानंतर निम्म्याहून अधिक प्रदक्षिणा उरली असताना त्यांनी केवळ शिडांचा तोल साधून नौका दिशेवर ठेवली. लांब कणा आणि दोन डोलकाठ्या यांचा खरा उपयोग येथे झाला.

नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या ओटॅगो बंदराच्या तोंडाशी सुहैली वाळूत रुतली. बाहेरची मदत घेतल्यास शर्यतीतून बाद होण्याचा नियम होता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भरतीची वाट पाहून नौका स्वतःच सोडवली. घरून आलेली पत्रे घेण्याचीही त्यांना मुभा नव्हती. यानंतर सुमारे साडेचार महिने त्यांच्याकडून कोणतीही वार्ता जगाला मिळाली नाही. १७ जानेवारी १९६९ रोजी त्यांनी दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न हे टोक ओलांडले. एप्रिलच्या आरंभी अझोर्स बेटांच्या परिसरात एका तेलवाहू जहाजाने त्यांना पाहिले आणि ते सुखरूप असल्याचे कळले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, सुहैली फालमथला परतली. सुमारे ३०,००० सागरी मैलांच्या या प्रवासाची सरासरी ताशी ४ सागरी मैलांच्या आसपास होती, म्हणजे चालत्या माणसापेक्षा किंचित अधिक.

शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी प्रदक्षिणा पूर्ण करणारे नॉक्स-जॉन्स्टन एकटेच होते. सुहैलीहून वेगवान नौका या शर्यतीत होत्या. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार्ड मॉइतेसिए यांनी अधिक वेगाने केप हॉर्न ओलांडले होते, परंतु त्यांनी शर्यत सोडून ताहितीची वाट धरली. नायजेल टेटली यांची तीन सांगाड्यांची हलकी नौका परतीच्या वाटेवर अटलांटिकमध्ये मोडून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची नौका समुद्रात निर्मनुष्य आढळली. रोख बक्षिसाची रक्कम नॉक्स-जॉन्स्टन यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिली. प्रदक्षिणेचे अनुभव त्यांनी ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ या पुस्तकात लिहिले आहेत.

मालकी आणि देखभाल

छोट्या भ्रमंती नौकेचा मालक हाच बहुधा तिचा सुतार, शिवणकार, विद्युत-कारागीर आणि रंगारी असतो. किनाऱ्यापासून हजारो मैलांवर दुरुस्ती करणारा दुसरा कोणी नसतो. त्यामुळे नौकेचा प्रत्येक भाग मालकाला उघडता, समजता आणि हाताशी असलेल्या साहित्याने दुरुस्त करता येणे, हा अशा नौकेचा सर्वांत मोठा गुण मानला जातो. सुहैली गळली, आडवी झाली आणि तिची यंत्रे बंद पडली. तरीही ती घरी परतली, याचे कारण तिच्यात काहीच बिघडले नाही हे नसून जे बिघडले ते एका माणसाला दुरुस्त करता आले, हे आहे.

लाकडी नौकेच्या देखभालीत काही कामे टाळता येत नाहीत. ती ठराविक काळाने पाण्याबाहेर काढून तळावरील शिंपले आणि शेवाळ खरवडावे लागते. सांध्यांतील सूत तपासावे लागते, कीड आणि शेवाळ रोखणारा रंग द्यावा लागतो. दोर आणि डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा झिजण्यापूर्वीच बदलाव्या लागतात. धातूच्या जोडणीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सागवान अनेक दशके शाबूत राहते, पण खाऱ्या पाण्यात लोखंडी बोल्ट गंजतात आणि भोवतालचे लाकूडही खराब करतात. सुहैलीच्या नंतरच्या दुरुस्तीत जुने लोखंडी बोल्ट काढून कांस्याचे बसवण्यात आले.

पुढील इतिहास

शर्यतीनंतर सुहैलीचे प्रवास थांबले नाहीत. १९८९ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून अटलांटिक ओलांडताना कोलंबसाच्या काळातील वेधयंत्राच्या आधारे दिशा आणि स्थान ठरवले. १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांच्यासह ते याच नौकेतून ग्रीनलंडच्या मोहिमेवर गेले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ती लंडनजवळील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात प्रदर्शनासाठी ठेवण्यात आली. संग्रहालयाच्या नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या फळ्या वाळून आकसू लागल्या. लाकडी नौकेच्या फळ्या पाण्यात फुगलेल्या असतात आणि त्यामुळेच त्यांचे सांधे बंद राहतात. दीर्घकाळ कोरड्यावर ठेवल्यास नौकेची हानी होते. हे लक्षात आल्यावर मालकाने ती परत नेली आणि अनेक वर्षे स्वतः राबून दुरुस्त केली. जून २०१८ मध्ये प्रदक्षिणेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभासाठी सुहैली पुन्हा फालमथच्या पाण्यात आली.

थुरिया

मूळ शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ मध्ये नवी गोल्डन ग्लोब शर्यत घेण्यात आली. तिच्यात उपग्रहाधारित दिशादर्शनास मनाई होती. या शर्यतीसाठी भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांनी सुहैलीची प्रतिकृती असलेली ‘थुरिया’ ही नौका निवडली. ती गोव्यातील ॲक्वेरियस शिपयार्ड येथे बांधण्यात आली. टॉमी यांनी त्यापूर्वी २०१२-१३ मध्ये गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ या मोठ्या नौकेतून मुंबई ते मुंबई अशी विनाथांबा एकल प्रदक्षिणा केली होती आणि असे करणारे ते पहिले भारतीय होते.

सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात थुरिया उलटली आणि तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमी यांच्या पाठीच्या मणक्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. नौका समुद्रातच सोडून द्यावी लागली. सुहैलीचाच आराखडा असूनही ही दुर्घटना घडली. मजबूत रचना धोका कमी करते, नाहीसा करत नाही, हे यावरून दिसून येते. उपचारांनंतर टॉमी यांनी २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसऱ्या नौकेतून भाग घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून दुसरा क्रमांक मिळवला.