टीव्ही फोर-के, पण होम थिएटर मुकं? नवा रिसीव्हर घेण्याआधी हे तपासा

गणपतीला चाकरमानी घरी आले की पेण, रोह्यातल्या घरांत नवा टीव्ही जुन्या होम थिएटरला जोडायचा घाट घातला जातो. चित्र झकास दिसतं, आवाज मात्र टीव्हीतूनच येतो. अशा वेळी रिसीव्हर बिघडलाच असेल असं नाही. केबल चुकीच्या पोर्टमध्ये असू शकते.

केबल कुठे लावायची?
टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टपैकी सहसा एकावरच ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय आउट’मधली केबल तिथेच लावा. दोन्हीकडे एआरसी असेल तर त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे जातो. ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४ पासून आली. सेटिंगमध्ये ‘सीईसी’ही सुरू करा.

रिसीव्हर फोर-के नसेल तर?
सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडा. आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला द्या. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जातो, ॲटमॉस जात नाही.

तरीही दोनच स्पीकर वाजतात?
टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये ‘पीसीएम’ असेल तर ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ निवडा. कार्यक्रमाचा मूळ आवाजच स्टिरिओ असेल, तर मात्र खरा सराउंड मिळणार नाही.

कोकणात हेही महत्त्वाचं
आभाळ भरून आलं की विजा सुरू होण्याआधीच प्लग आणि डिशची केबल काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नका.