गाण्यांचे तारण

प्रतिभूतीकरण, म्हणजे भावी आवक तारण ठेवून आज रक्कम उभी करणे, हा विषय निघाला की वाणिज्याचा वर्ग पेंगू लागतो. तोच विषय डेव्हिड बोवी या ब्रिटिश पॉप गायकाच्या नावाने सुरू केला, तर वर्ग कान टवकारतो.

१९९७ साली बोवीने १९९० पूर्वीच्या आपल्या २५ अल्बमच्या रॉयल्टीवर ५.५ कोटी डॉलरचे रोखे काढले. मुदत १० वर्षे, व्याज ७.९ टक्के. प्रुडेन्शियल या अमेरिकी विमा कंपनीने ते सर्व घेतले. येथे शिक्षकाने थांबून विचारावे : तारण कोणते? जमीन नव्हे, सोने नव्हे, गोदामातला मालही नव्हे. व्यापारी घरातील मुलाला गिऱ्हाइकांकडील येण्यावर बँकेची उचल घेणे ठाऊक असते. पण त्या येण्यामागे विकून झालेला माल असतो. बोवीच्या गाण्यांची विक्री व्हायची होती!

पुढे इंटरनेटवर गाणी फुकट मिळू लागली, ध्वनिमुद्रिकांचा खप घसरला. २००४ साली मूडीजने या रोख्यांचे मानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या शेवटच्या पायरीवर आणले. गायकाची कीर्ती तसूभरही उणावली नव्हती. कीर्ती आणि रोख आवक यांतील अंतर फळ्यावरील कोणत्याही आलेखाहून येथे स्पष्ट दिसते.

तरीही २००७ साली परतफेड पूर्ण झाली आणि गाण्यांचे उत्पन्न पुन्हा बोवीकडे आले. मग मूडीजचे चुकले काय? विद्यार्थी येथे हमखास भांडतात. शिक्षकाने त्यांना भांडू द्यावे.