क्वार्टरबॅकचं पदलालित्य : ड्रॉप, पॉकेट आणि सराव

क्वार्टरबॅक : अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू. पुढे पास फेकायला नियमांनी मुभा दिली १९०६ मध्ये.

ड्रॉप : चेंडू मिळाल्यावर मागे सरकणं.
• ३ पावलं – झटपट, आखूड पास. ५ – मध्यम पल्ला. ७ – लांबचा.
• उजव्या हाताने फेकणाऱ्याचं पहिलं पाऊल उजवं, शेवटचंही उजवंच. तिथे पाय रोवायचा आणि वजन डाव्या पायावर नेत चेंडू सोडायचा.
• शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या) मागे साधारण ५ यार्डांवर (सुमारे साडेचार मीटर) उभा असतो; ड्रॉप तेवढा आखूड होतो.

पॉकेट : लाइनमननी (पुढच्या फळीतल्या खेळाडूंनी) प्रतिस्पर्ध्यांना अडवून राखलेली, काही सेकंदच टिकणारी सुरक्षित जागा.

सराव
• रेषेवरचा ड्रॉप : मैदानावरची पांढरी रेषा धरून मागे जायचं. पाय भरकटला की लगेच दिसतो. आधी चेंडूशिवाय, मग चेंडूसह.
• आडव्या पिशव्या : ओळीने ठेवलेल्या पिशव्यांवरून गुडघे उचलत बाजूला सरकायचं. चेंडू दोन्ही हातांत, छातीशी. नजर समोर, खाली पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून.
• हाताचा इशारा : प्रशिक्षक हात दाखवेल तिकडे छोट्या पावलांनी सरकायचं, पायात पाय न घालता. त्याने फेकण्याची खूण केली की जागीच फेक.

धावण्याच्या वेगापेक्षा पाय महत्त्वाचे, याचं उदाहरण क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी : २००० च्या व्यावसायिक लीगच्या निवड चाचणीत ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद, क्वार्टरबॅकसाठीही हा वेग संथच. संघांच्या खेळाडू-निवडीत क्रमांक १९९ वा. पुढे सुपर बोलची (लीगच्या अंतिम सामन्याची) ७ विजेतेपदं.