जुन्या गाडीचें सस्पेन्शन नव्या गाडीला

मोटारगाडी विकतांना मालकाच्या मनांत एक विचार हटकून येतो. गाडी जावो, पण तिच्यावर हौसेनें चढविलेला साज आपल्याकडेच राहावा. दिवे, गालिचे, टपावरची सामानाची जाळी हीं नव्या गाडीवर गेलीं तर ठीकच. न बसलीं तर माळ्यावर पडून राहतील, कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं. सस्पेन्शनची गोष्ट निराळी आहे. गाडीचा सारा भार ज्यावर तोललेला असतो, ब्रेक दाबतांच ज्याच्यामुळें चाकें रस्ता धरून राहतात, त्या स्प्रिंगा आणि ते धक्काशोषक एका गाडीवरून काढून दुसरीवर चढवावयाचे, तर ‘बसतात कीं नाहीं’ एवढेंच विचारून भागत नाहीं. जुन्या गाडींत ती वस्तु जें काम करीत होती, तेंच काम नव्या गाडींत तिच्या वांट्याला येणार आहे काय, हा खरा प्रश्न. आणि श्रोत्यांपुढें आज मला तोच मांडावयाचा आहे.

उदाहरण घरचेंच घेऊं. महिंद्र कंपनीची थार २०१० सालीं बाजारांत आली. २०२० सालीं त्याच नांवाची नवी गाडी निघाली. ती नाशिकच्या कारखान्यांत तयार होते. नांव तेंच, चेहराही ओळखीचा. साहजिकच जुनी विकून नवी घेणारा मालक गॅरेजवाल्याला विचारतो, ‘मीं बसवून घेतलेले बाहेरचे पाटे आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर हिच्यावर चढतील ना?’ त्यांवर बरेच पैसे घातलेले असतात, म्हणून उत्तर होकारार्थी यावें अशी त्याची इच्छा असते. आणि दुर्दैवानें होकार देणारा कारागीरही कोठेंतरी भेटतोच.

आतां दोन्ही गाड्यांच्या खालीं वांकून पाहूं. जुन्या थारच्या सी. आर. डी. ई. प्रकारांत मागें पाटे होते. पुढचीं चाकें स्वतंत्र होतीं व त्यांचा भार टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारी पोलादी कांब, उचलीत असे. २०२० च्या थारमध्यें मागचा आंस अखंडच राहिला. पण पाटे गेले आणि वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. पुढें टॉर्शन बार जाऊन धक्काशोषकाच्या अंगाभोंवतीं बसणारी स्प्रिंग आली.

हा फरक नुसत्या आकाराचा नव्हे. पाटा एकटा दोन कामें करतो. तो भार उचलतो, आणि आंसाला जागेवर धरूनही ठेवतो. गाडी पुढें लोटणारा जोर, ब्रेकची ओढ, वळणावरचा आडवा रेटा, हें सर्व पाट्याच्याच वाटेनें सांगाड्यापर्यंत पोंचतें. वेटोळ्याच्या स्प्रिंगला हें दुसरें काम जमत नाहीं. तिनें फक्त भार उचलावा. म्हणून तिच्या जोडीला आंस धरून ठेवणारे दांडे नव्या गाडींत द्यावे लागले. तेव्हां जुन्या पाट्यांना टांगावयास नव्या सांगाड्यावर कान नाहींत एवढीच अडचण नाहीं. त्यांच्याजोगें कामच तेथें उरलेलें नाहीं. मारुतीच्या जिप्सीवरून २०२३ च्या जिम्नीवर येणाऱ्यालाही हेंच उत्तर मिळेल. जिप्सी चारी चाकांवर पाट्यांची, जिम्नी चारी चाकांवर वेटोळ्यांची.

पुढच्या चाकांचा निकाल तर तात्काळ लागतो. जुन्या गाडीचा पुढचा धक्काशोषक केवळ हेलकावा मारण्यापुरता; भार कांबेवर. नव्या गाडींत स्प्रिंगची बैठकच धक्काशोषकावर आहे आणि गाडीचें वजन त्याच्याच बोल्टांतून खालीं उतरतें. ज्यावर बैठकच नाहीं, त्यावर स्प्रिंग ठेवणार कोठें?

खरा मोह होतो तो मागच्या धक्काशोषकांचा. दोन्ही गाड्यांत ते स्प्रिंगपासून वेगळे. वर एक बोल्ट, खालीं एक बोल्ट. बुश बदलून, एखादी पट्टी जोडून ते कसेबसे बसवितां येतीलही. आणि एकदां बसले कीं सर्व ठीक झालें असें वाटूं लागतें. येथेंच थांबून विचार केला पाहिजे. पाट्यांच्या थरांमध्यें घर्षण असतें. गाडी हेलकावूं लागली कीं थरावर थर घासून तो हेलकावा कांहीं अंशीं आपोआप मरतो. वेटोळ्यांत असें घर्षण जवळजवळ नाहीं. म्हणून पाट्यांच्या गाडीसाठीं बेतलेला धक्काशोषक वेटोळ्यांच्या गाडीवर अपुरा पडण्याचा संभव असतो. रिकाम्या रस्त्यावर हें कळणार नाहीं. चार माणसें, मागें सामान, घाटांतलें वळण आणि वळणावरचा खड्डा असा योग आला, म्हणजे गाडीची मागची बाजू एकदां उसळून न थांबतां दोनतीनदां उसळते, आणि तेवढा वेळ टायरची रस्त्यावरील पकड ढिली असते.

लांबीचाही हिशेब आहे. धक्काशोषक पूर्ण मिटला असतां किती लांब आणि पूर्ण उघडला असतां किती, हीं दोन मापें घेतल्याखेरीज पुढें जाऊं नये. मिटल्यावरही तो फार लांब राहत असेल तर रबरी ठोकळा टेंकण्यापूर्वीं स्वतःच तळाला आदळेल व सारा घाव त्याच्या दांड्यावर पडेल. उघडल्यावर फार लांब होत असेल तर चाक खालीं लोंबतांना आंसाला वेळीं अडविणारें कोणी राहत नाहीं. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, आणि कधीं कधीं स्प्रिंगही बैठकींतून सुटते.

वजनाचा परिणाम आंकड्यांनीं पाहिला तर लवकर ध्यानांत येतो. समजा, एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि तेथील स्प्रिंग दर ३ किलोला १ मिलिमीटर दबते. ती १०० मिलिमीटर दबून स्थिरावेल व गाडीचा नैसर्गिक हेलकावा मिनिटाला सुमारें ९५ वेळां होईल. तीच स्प्रिंग ३६० किलोंच्या चाकाखालीं घातली तर दाब १२० मिलिमीटर, हेलकावे सुमारें ८६. गाडी २० मिलिमीटर खालीं बसली, तेवढी खड्ड्यासाठीं राखलेली जागा गेली. शिवाय चाक स्वतंत्र असेल आणि स्प्रिंग आर्मच्या मध्यावर कोठेंतरी टेंकत असेल, तर तरफेचा नियम आड येतो. चाकाच्या मानानें स्प्रिंग ०.६ पटच हलत असेल, तर चाकाला तिचा कठीणपणा ०.६ चा वर्ग, म्हणजे अवघा ०.३६ पट जाणवतो. एका गाडींत दगडासारखी वाटणारी स्प्रिंग दुसरींत मऊ कां निघते, याचें कारण बहुधा हेंच.

तरी सर्वत्र नन्नाच आहे असें नाहीं. जपानी माझ्दा एम. एक्स.-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांची मांडणी इतकी जुळती आहे, कीं बाहेरचे अनेक संच दोहोंसाठीं मिळूनच विकले जातात. २००५ सालीं तिसरी पिढी आली आणि ही सोय संपली. फोक्सवागनची गोल्फ पांचव्या पिढींतून सहाव्या पिढींत गेली तेव्हां खालचा पायाच तो राहिला, म्हणून संच पुष्कळदां चालतो. पण तेथेंही एक मेख आहे. पुढच्या धक्काशोषकाचें नळकांडें कांहीं गाड्यांत ५० मिलिमीटर व्यासाचें, तर कांहींत ५५. चाकाच्या जोडाला तें घट्ट कवळावें लागतें. तेथें पत्रा गुंडाळून ५ मिलिमीटर भरून काढण्याची युक्ति कोणी सुचविली तर त्या गॅरेजचा निरोप घ्यावा.

म्हणून थारच्या मालकाला माझें सांगणें असें, कीं जुना संच दुसऱ्या एखाद्या जुन्या थारवाल्याला विकावा; तेथें त्याला मोल आहे. नव्या गाडीसाठीं तिच्याच नांवानें बनविलेला संच घ्यावा, आणि तत्पूर्वीं परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांना विचारावें. मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ गाडींतील फेरफारांसंबंधीं आहे.

संच जुळता असला तरी बसवितांना कांहीं पथ्यें आहेत. दबलेली स्प्रिंग योग्य अवजाराशिवाय सोडूं नये. ती सुटली तर हात मोडते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी उचललेली असतांना पक्के आंवळूं नयेत. चाकें जमिनीवर टेंकवून, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर आली म्हणजे आंवळावेत, नाहींतर बुश कायमचे पिळलेले राहून थोड्याच दिवसांत फाटतात. मग चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी, आणि कांहींशें किलोमीटर गाडी चालल्यावर प्रत्येक बोल्टाला पुन्हां एकदां पाना लावून पाहावा.