चष्मा कुठे चालेल, ते आधी ठरवा

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1949 च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदू झालेल्या एका बाईंच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पर्स्पेक्स प्लॅस्टिकच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसल्या होत्या. डोळा त्या निमूट सहन करतो, हे रिडलींनी हेरलं होतं. लेन्स डोळ्याने स्वीकारली, पण त्या बाईंना चष्म्याचा नंबर लागला उणे 18 च्या आसपास! लेन्सचा बाक नैसर्गिक भिंगावरून घेतला होता. मात्र पर्स्पेक्स त्या भिंगापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं, याचा हिशेब नीट धरला गेला नव्हता.

आज हा हिशेब बायोमेट्री करते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा बाक मोजतात. डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. हे माप एका मिलिमीटरने चुकलं तर अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. पूर्वी लेसरने चष्म्याचा नंबर घालवला असेल, तर पटलाचा बाक बदललेला असतो आणि गणित अवघड होतं. म्हणून ते जुने कागद डॉक्टरांना जरूर दाखवावेत.

दूरचा नंबर आता बहुतेकांचा जवळजवळ जातो. प्रश्न उरतो जवळचा. तरुणपणी डोळ्यातलं भिंग फुगून जवळचं आणि चपटं होऊन दूरचं दाखवतं. चाळिशीत त्याची लवचीकता जाऊ लागते. त्याच्या जागी बसवलेल्या प्रचलित लेन्सना असं फुगता येत नाही. त्यामुळे बाजारातला प्रत्येक पर्याय ही या उणिवेवर काढलेली एकेक तोड आहे.

मोनोफोकल लेन्स सगळा प्रकाश एकाच अंतरावर केंद्रित करते. दूरचं लख्ख दिसतं, वाचायला चष्मा लागतो. उलटही करता येतं. आयुष्यभर मायनस नंबर असलेली, चष्मा काढून पोथी वाचणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी उणे अडीच नंबर मुद्दाम राखला, तर 40 सेंटिमीटरवरचं अक्षर विनाचष्मा दिसतं आणि दूरसाठी चष्मा राहतो. तिसरा मार्ग मोनोव्हिजनचा: एक डोळा दूरसाठी, दुसऱ्यात सव्वा-दीड मायनस. मेंदू गरजेप्रमाणे एकेका डोळ्याचं चित्र पुढे करतो. काहींना हे जमत नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहिलेलं बरं.

पटलाचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्याने सिलिंडरचा नंबर असेल तर टोरिक लेन्स. तिच्यावर बारीक खुणा असतात आणि ती ठरल्या अंशातच बसवावी लागते. दहा अंश फिरली तर सुमारे एक तृतीयांश फायदा जातो. तीस अंश फिरली तर जवळपास सगळाच.

सर्वाधिक चर्चा असते ट्रायफोकलची. या लेन्सवर एकात एक अशी अतिसूक्ष्म वर्तुळं कोरलेली असतात. ती आत येणाऱ्या प्रकाशाचे वाटे करतात: एक दूरसाठी, एक 60 ते 80 सेंटिमीटरवरच्या संगणकासाठी, एक 40 सेंटिमीटरवरच्या मोबाइलसाठी. भाकरी तेवढीच, वाटेकरी तीन. बहुतेक कामं विनाचष्मा होतात, पण फिक्या रंगांतला फरक थोडा कमी उठून दिसतो आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. मेंदू त्याला काही महिन्यांत बहुधा सरावतो. मधुमेहाने डोळ्यामागचा पडदा बिघडलेला असेल, पडद्याचा मध्यबिंदू झिजला असेल किंवा काचबिंदू वाढलेला असेल, तर आधीच कमी असलेल्या नजरेत अशी वाटणी परवडत नाही. तिथे साधी मोनोफोकलच हिताची.

या दोन टोकांच्या मधे ‘एडॉफ’ लेन्स येते. ती प्रकाशाचे सुटे वाटे न करता फोकसचा पल्ला ताणते. दूरचं आणि संगणकावरचं चांगलं दिसतं, वलयांचा त्रास सहसा ट्रायफोकलपेक्षा कमी; औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला मात्र चष्मा लागू शकतो. अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळालेल्या एका लेन्सचा नंबर तर ती बसवल्यानंतर अतिनील किरणांनी बदलता येतो. डोळा बरा झाल्यावर रुग्णाची नजर तपासून डॉक्टर तो जुळवतात.

महागडी लेन्स म्हणजे अधिक चांगली नजर, हे समीकरण इथे चालत नाही. पडद्याची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना आपला दिवस सांगावा: ट्रक चालवता की शिवणकाम करता, रात्री गाडीवर जाता की संगणकावर बसता. ‘चष्मा नकोच’ एवढ्यावरून काही ठरत नाही. ‘सुईत दोरा ओवायला चष्मा चालेल, पण रात्री गाडी चालवताना दिव्यांचा त्रास नको’ असं सांगणाऱ्या माणसाची लेन्स तिथेच अर्धी ठरते.