सारसाचा पंख आणि विजेची तार

वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातील बालाघाट व महाराष्ट्रातील गोंदिया हे जिल्हे एकमेकांना भिडतात. येथील धानशेती आणि तलावांच्या आश्रयाने सारस क्रौंच आजही तग धरून आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेल्या या पक्ष्याच्या पंखांचा विस्तार सव्वादोन ते अडीच मीटर भरतो. तरीही शेतावरून गेलेली वीजवाहिनी त्याच्यासाठी घातक ठरते. या विसंगतीचे मोठे कारण पंखाच्या आकारमानात दडलेले आहे.

पंखाला मिळणारी उचल मुख्यतः त्याचे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि माध्यमाची घनता यांवर अवलंबून असते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. म्हणूनच २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रथमच समाविष्ट झालेल्या ‘आयक्यूफॉइल’ या शिडाच्या फळीच्या प्रकारात पाण्याखालचा अवघा ९०० चौरस सेंटीमीटरचा पुढचा पंख खेळाडूला फळीसह पाण्यावर उचलून धरतो. हवेत मात्र सात-आठ किलोंच्या सारसालाही विस्तीर्ण पंख लागतात.

आकाराचाही वाटा मोठा आहे. लांब व अरुंद पंखाच्या टोकाशी निर्माण होणाऱ्या भोवऱ्यांमुळे होणारा अवरोध कमी असतो. त्यामुळे समुद्रपक्षी अल्प श्रमात दूरवर तरंगतात. सारसाचे पंख रुंद असून टोकाची पिसे बोटांसारखी सुटी असतात. मंद वेगातही पुरेशी उचल मिळावी, यासाठी ही रचना उपयोगी पडते.

परंतु आकारमान वाढले की गणित बदलते. पक्ष्याचे प्रत्येक माप दुप्पट केल्यास पंखाचे क्षेत्रफळ चौपट, तर वजन आठपट होते. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरील भार दुप्पट होतो, हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १.४ पट वाढतो आणि तेवढ्याच झुकावात घेतलेल्या वळणाची त्रिज्या दुप्पट होते. चिमणी ऐनवेळी दिशा बदलू शकते. सारसाला ते साधत नाही. धुक्यात किंवा संधिप्रकाशात बारीक तार जवळ आल्यावरच दिसते, तेव्हा वळण्यास अवकाश उरलेला नसतो.

गोंदिया परिसरात वीजवाहिन्यांमुळे सारस दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सारस संवर्धनाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. सारसाची जोडी एका विणीत साधारणतः दोनच अंडी घालत असल्याने एका प्रौढ पक्ष्याचा मृत्यूही सहजासहजी भरून निघत नाही.

यावरील उपाय याच गणितातून निघतात. तारांवर ठळक, चमकदार खुणा लावल्यास पक्ष्याला धोका दुरूनच दिसतो आणि मोठा वळसा घेण्यास अवधी मिळतो. विसाव्याच्या व चरण्याच्या जागांलगत भूमिगत वाहिन्या टाकल्यास धोकाच टळतो. सारसाचा पंख बदलणे कोणाच्या हाती नाही. तारेची जागा बदलणे मात्र माणसाच्या हाती आहे.